बुधवार चुकवू नको

मे महिन्यात लेकरांना घेऊन सुप्याला येणार आहेस ना, मग मंगळवारी संध्याकाळीच पोच. बुधवारी बाजार. गुरुवारी आलीस तर रिकामं मैदान आणि तुडवलेली कोबीची पानं दिसतील, आणि पोरं म्हणतील, आई, तुझ्या गावात तर काहीच नाही. एसटीनं येणार असलीस तर कंडक्टरला ‘चौफुला-मोरगाव रस्त्यावरचं सुपे’ असं स्पष्ट सांग. नुसतं सुपं म्हटलं की माणसं पारनेरच्या सुप्याला जाणाऱ्या गाडीत बसतात आणि तिकडं एमआयडीसीत उतरून आपल्याला फोन करतात.

आधी एक ध्यानात घे. आपला भाग जिरायती. बारामतीच्या खालच्या अंगाला नीरेचा डावा कालवा 1885 साली आला, तिकडं भर उन्हाळ्यातही ऊस हिरवागार असतो. आपल्याकडं जनाई-शिरसाई योजनेचं आवर्तन सुटलं तर सुटलं. होळी झाली की रानात काम नाही. तेव्हापासून मृगापर्यंत कितीतरी घरं चालतात ती चिंचेवर, माठावर, रसवंतीवर, जत्रेतल्या पालावर. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे न पेरता येणारं पीक आहे बघ, आणि ते पिकवणारं गिऱ्हाईक म्हणजे तू. त्यामुळं गावी येताना पुण्याहून डबे-पिशव्या भरून आणत जाऊ नको. रिकामी पिशवी आण आणि सुट्टे पैसे आण. मोबाईलनं पैसे देतात आता सगळीकडं, पण बाजार भरला की रेंज जाते, आणि मग दहा रुपयांच्या मेथीसाठी म्हातारीला ताटकळत बसावं लागतं.

बाजारात सकाळी गेलीस तर माल चांगला, दिवे लागायच्या वेळी गेलीस तर स्वस्त. मी सांगीन, सकाळीच जा. ऊन चढलं की पालेभाजी माना टाकते आणि विकणाराही. भाव कुठं करायचा आणि कुठं नाही, हे शिकून घे. भांडी, कापड, चपला, प्लास्टिक इथं खुशाल भाव कर, तो विकणारा पाडून मागणार हे धरूनच आकडा सांगतो. पण कडेला गोणपाटावर चार वाटे मांडून बसलेली बाई असते, घरच्या शेवग्याच्या शेंगा नाहीतर कैऱ्या घेऊन आलेली, तिच्याशी पाच रुपयांवरून हुज्जत घालायची नाही. तिचा सगळा माल मिळून तुझ्या एका वेळच्या हॉटेलच्या बिलाएवढा नसतो. आणि उधारी मुळीच नको. किराणावाल्याकडं वही असते, ते वेगळं. पाटीवाल्याकडं भांडवलच आजच्या विक्रीचं असतं.

उधारीचं निघालंच आहे तर पोरांना बाजारात उभं करून हे सांग. 12 मे 1875, तोही बुधवारच होता. आसपासच्या गावांतले कुणबी ह्याच सुप्याच्या बाजारात जमले आणि सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. त्यांना मुख्य हवी होती ती कागदपत्रं. खतं आणि वह्या काढून जाळल्या. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं तोवर इथल्या कापसाला भाव होता, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होता. युद्ध संपलं, भाव पडला, त्यात सरकारनं शेतसारा वाढवला, आणि सावकारानं हात आखडला. इथून पेटलेलं ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत गेलं. इंग्रजांना चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पुस्तकात त्याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. शाळेत पोरं हे सन-सनावळीत पाठ करतात आणि आपल्याच गावचं आहे हे त्यांना ठाऊक नसतं. शहाजीराजांच्या जहागिरीतलं सुपे आणि शिवरायांनी 1656 मध्ये संभाजी मोहित्यांकडून घेतलेलं सुपे, तेही हेच. पण ते सगळ्यांना सांगायला आवडतं. बाजाराचं कुणी सांगत नाही.

आता चिंच. बारामती बाजार समितीचा आपल्या गावात उपबाजार आहे, आणि उन्हाळ्यात तिथं चिंचेचा लिलाव बघायला पोरांना ने. अखंड चिंच वेगळी, फोडलेली वेगळी, चिंचोक्याचा ढीग वेगळा. बांधावरचं झाड मालक मक्त्यानं देतो, घेणारा झोडपायला माणसं आणतो, आणि मग घरोघरी ओसरीवर बायका टरफल काढून चिंच फोडत बसतात. किलोवर मजुरी. संध्याकाळपर्यंत बोटं आंबून जातात. चिंचोकाही वाया जात नाही, त्याची खळ होते.

वर्षाची चिंच इथूनच ने, पुण्यातल्या दुकानातली पाकिटं घेऊ नको. घेताना रंग बघ. नवी चिंच तांबूस असते. काळी दिसली म्हणजे ती मागच्या सालची, तीही वाईट नाही, औषधाला जुनीच मागतात, पण नव्याच्या भावानं घेऊ नको. मुठीत दाबून बघ, हाताला चिकटली पाहिजे पण ओल लागता कामा नये. ओली चिंच वजनाला भरते आणि पावसाळ्यात बुरसते. घरी आणली की शिरा आणि राहिलेले चिंचोके काढ, दोन उन्हं दाखव, खडेमीठ लाव आणि गोळे करून चिनीमातीच्या नाहीतर काचेच्या बरणीत दाबून भर. तांब्या-पितळेच्या भांड्यात चुकूनही नको, कळकते. अखंड चिंच स्वस्त मिळते म्हणून मोह होईल, पण टरफल आणि चिंचोका जाऊन हातात किती राहते त्याचा हिशोब कर, आणि फोडणारीची मजुरी तिला मिळू दे.

माठ घ्यायचा तर कुंभाराच्या दारी जाऊन घे. बोटाच्या पेरानं टिचकी मार, खणखणीत वाजला तर घे, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे. रंगवलेले, नक्षीचे, नळ लावलेले माठ रस्त्याकडेला फार मांडलेले असतात. दिसायला छान, पण रंगानं भोकं बुजली की पाझर बंद, आणि पाझरला नाही तर माठ गार होत नाही. पाणी बाहेर येऊन सुकतं तेव्हा आतलं पाणी थंड होतं, एवढंच त्यातलं गुपित. आपल्याकडचं ऊन कोरडं, म्हणून इथं माठ गार पडतो. हाच माठ मुंबईला तुझ्या नणंदेकडं दिलास तर ती म्हणेल, वहिनी, फसवलंत. नवा माठ रात्रभर पाण्यानं भरून ठेव, ते पाणी झाडाला घाल, मग प्यायला वापर. आत साबण लावायचा नाही, नारळाच्या शेंडीनं घासायचा. आणि ओल्या वाळूवर ठेवायचा.

रसवंतीला बसलीस की पाटी वाच. कानिफनाथ नाहीतर नवनाथ, ही दोन नावं तुला पुण्या-मुंबईतही दिसली असतील. शेजारच्या पुरंदर तालुक्यात बोपगावला कानिफनाथाचा गड आहे, तिकडच्या माणसांनी हा धंदा गावोगाव नेला आणि देवाचं नावही बरोबर नेलं. रस बिनबर्फाचा माग. बर्फ कुठल्या पाण्याचा असेल कोण जाणे, आणि अर्धा ग्लास त्यानंच भरतो. आलं-लिंबू उसाबरोबरच चरकातून काढायला सांग. काढला की लगेच पी. बाटलीत भरून घरी आणलेला रस काळा पडतो आणि मग नावं रसवंतीवाल्याला ठेवली जातात.

शेवया, कुरडया, पापड हवे असतील तर आल्यावर मागू नको, चैत्रातच निरोप धाड. गल्लीतल्या बचत गटाच्या बायका करून देतात, पण सगळ्यांना एकाच आठवड्यात हवे असतात. निम्मे पैसे आधी दे.

जत्रांचं काय सांगू! गुढीपाडव्यापासून ह्या पट्ट्यात रोज कुठंतरी जत्रा असतेच. आपल्या गावची पट्टी मात्र पहिल्यांदा भर. गावात राहत नाही म्हणून वर्गणी टाळणारी आणि जत्रेत सगळ्यात पुढं फेटा बांधून उभी राहणारी माणसं मी खूप पाहिली, त्यांच्यात आपलं नाव नको. दुसऱ्या गावच्या जत्रेचं आवतण असेल तर जेवायला थेट टपकायचं नाही. आधी देवाला नारळ, मग ज्यांच्याकडं जायचं त्यांच्या लेकरांना खाऊ, मग पंगत. खाऊ जत्रेतलाच घे, शेव-रेवडी, गोडीशेव, बत्तासे. शहामन्सूर बाबाच्या उरसाचा मलिदाही आपल्या घरात कायम आला आहे, तो दोन्ही हातांनी घे.

कुस्त्यांच्या हगाम्याला पोरांना ने, पोरीलाही ने. आता मुलीही आखाड्यात उतरतात. चार वाजता आखाडा सुरू होतो, तेव्हा मावळतीच्या बाजूला बस, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. समोरच्या बाजूची माणसं संध्याकाळभर कपाळावर हात धरून बघतात. सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या, बक्षीस म्हणून रेवड्या नाहीतर दहा-वीस रुपये. लोक त्यांच्याकडं लक्ष देत नाहीत, पण खरी गंमत तिथंच असते. शेवटची निकाली कुस्ती बघताना हलगीचा ठेका ऐक. डाव रंगला की हलगीवाल्याचा हात आधी बदलतो, आपल्याला नंतर कळतं. त्याला पाच-पन्नास रुपये द्यायला विसरू नको.

बैलगाडा शर्यत असेल तर पोरांचा हात सोडू नको आणि घाटाच्या दोरीच्या आत पाय ठेवू नको. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या होत्या, 2021 च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये ती कायम झाली. अटी आहेत. बैलाला काठी मारणारा, टोचणारा गाडा दिसला तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवू नको.

आणि तमाशा. नाक मुरडू नको. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथं जाऊन सुपारी देतात. रात्रीचा वग उशिरापर्यंत चालतो, लेकरं झोपेनं कलंडतात. तू दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेऱ्यांना जा. उजेडात कलावंतांचे चेहरे दिसतात, ढोलकीवाल्याची बोटं दिसतात, आणि बायामाणसांनाही निवांत बसता येतं. रात्रभर नाचून सकाळी पुन्हा उभी राहिलेली ती बाई असते. तिच्यावर पैसे उधळायचे नाहीत, हातात द्यायचे.

बाजार, जत्रा झाल्या की एक पहाट मयूरेश्वर अभयारण्यासाठी ठेव. 1997 साली झालेलं, जेमतेम 5.14 चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा तुला आपल्या उंबऱ्याशी दिसतो. आठच्या आत जा, नंतर तोही सावलीला बसतो. पोरांना भडक कपडे नको, हाका नकोत. सुकलेलं गवत एका विडीनं पेटतं, त्यामुळं बरोबरच्या पुरुषमंडळींचे खिसे आधी तपास.

इंदापूरच्या अंगाला जायचं तर वैशाख शुद्ध चतुर्दशीला नीरा नरसिंहपूर गाठ. नीरा आणि भीमा तिथं मिळतात, काठावर विंचूरकर सरदारांचं थोरलं देऊळ. नरसिंहाचा जन्म दिवेलागणीचा, तेव्हा दुपारी दर्शन उरकून परत फिरणाऱ्यांच्या नादी लागू नको. दिवसभर घाटावर सावली धरून बस, पेढेवाल्याकडं, फुलवालीकडं थोडं थोडं घे आणि जन्म बघूनच नीघ.

पाऊस कमी झालेल्या साली उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. धरणात गेलेल्या गावाचं ते देऊळ, दगडावरचं कोरीवकाम पाण्यात राहूनही टिकलेलं. बघायला जरूर जा, पण गाळावरून एकटी चालू नको. वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो आणि आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. काठावरच्या मच्छीमाराला विचार, त्याला वाट ठाऊक असते. त्याच्या होडीचं भाडं ठरव आणि सांगेल ते दे. तो आज तुला नेतो तेव्हा त्याची आजची जाळी कोरडी राहते.

परतताना भिगवणला मासळी घे. सकाळी लवकर, कल्ला लालभडक असेल तीच. चिलापी काट्याला कमी म्हणून पोरांना बरी. जावयांना वाम आवडते हे मला ठाऊक आहे, पण ती तिथंच साफ करून, तुकडे पाडून घे. घरी आणलीस तर विळीवर ती तुझ्यानं आवरायची नाही.