फळबागेत पशुधन : व्यवस्थापकाचा नकार समजून घेताना

आंबा वा पेरूच्या बागेत गुरे किंवा मेंढ्या पाळाव्यात काय, असे विचारले असता अनुभवी बागव्यवस्थापक बहुधा नकार देतो. हा नकार हटवादी मानण्याचे कारण नाही. फळबाग व पशुपालन यांचा संयुक्त कर्जप्रस्ताव तपासताना त्यामागील कारणे जाणून घेणे हिताचे ठरते.

रायपूरचा मैदानी प्रदेश मुख्यत्वे धानाचा. खरिपात गुरे आवरून धरण्याची ‘रोका-छेका’ ही येथील जुनी प्रथा आहे. मात्र धान कापले गेले की गुरे मोकळी सुटतात आणि उन्हाळ्यात हिरवा पाला उरतो तो बागेतच. साहजिकच व्यवस्थापकाच्या मनात ‘गुरे’ म्हणजे कुंपण मोडून शिरणारी जनावरे. कोवळे शेंडे खाल्ले गेले, साल सोलली गेली, की दोन-तीन वर्षांची वाढ एका रात्रीत वाया जाते. ठिबकच्या नळ्या तुटतात, ओली माती खुरांनी दबते. शिवाय झाडांचा जाब त्यालाच द्यावा लागतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आंब्याच्या कलमांपासून उत्पन्न मिळू लागण्यास चार-पाच वर्षे लागतात; दूध वा मेंढ्यांचे उत्पन्न ही पोकळी भरून काढते. शेणाचेही मोल आहे. छत्तीसगडमध्ये 20 जुलै 2020 रोजी, हरेली सणाच्या दिवशी सुरू झालेल्या गोधन न्याय योजनेत ते 2 रुपये किलो दराने खरेदी केले जात असे.

या दोन बाजूंचा मेळ अन्यत्र घातला गेला आहे. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत झाडे पुरेशी उंच झाल्यावरच गुरे सोडतात आणि हलत्या विद्युत कुंपणाने त्यांची जागा बदलत राहतात; त्यामुळे तणनियंत्रणाचा खर्च वाचतो. कासरगोड येथील केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने नारळबागेत चारा घेऊन तो गोठ्यातील गाईंना घालण्याची व शेणखत बागेला देण्याची पद्धत अभ्यासली आहे.

यावरून प्रस्ताव तपासताना पुढील मुद्दे पाहावेत :

1. झाडांचे वय किती? कोवळ्या बागेत चराई नको. चारा कापून गोठ्यात न्यावा.

2. जनावर कोणते? शेळी पाला ओरबाडते. मेंढी गवत पसंत करते. परंतु तिला तांबे बाधते, म्हणून बोर्डो मिश्रण फवारलेल्या बागेत ती सोडू नये.

3. कुंपण, पाणी व राखणदार यांचा खर्च प्रकल्पात धरला आहे काय?

4. कर्ज कोणते? जनावरे व गोठा यांसाठी मुदत कर्ज घ्यावे. चारा, औषधे आदी खेळत्या खर्चासाठी किसान क्रेडिट कार्ड आहे; 2018-19 च्या अर्थसंकल्पात ही सुविधा पशुपालनास लागू करण्याची घोषणा झाली होती.

व्यवस्थापकाचा आक्षेप जनावरावर नसतो, अनियंत्रित जनावरावर असतो. हा भेद ज्या प्रस्तावात उमटला आहे, त्यातील बाग टिकण्याची व हप्ते वेळेवर येण्याची शक्यता अधिक.