१-२ चमचे मीठ

एकतीस वर्षं मी पुण्यात प्रुफं तपासली. कथा-कादंबऱ्या हौसेनं तपासणारे पुष्कळ होते, त्यामुळे माझ्या वाट्याला यायचं ते सगळं ‘माहितीचं’. मधुमेहावरची पुस्तकं, पेशवाईचे खंड, उपनिषदांवरची भाष्यं, प्रबंध, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला लोणची-वाळवणं. पैसे फर्म्यावर मिळत. फर्मा म्हणजे सोळा पानं. ती मधुमेहाची असोत की मोक्षाची, दर एकच. परवा भाचीनं विचारलं, “मावशी, इतकं वाचलंस, त्यातून शिकलीस काय?” तेव्हा जे सुचलं ते आकडे घालून लिहिते. आकड्यांना फारसा अर्थ नाही.

१. औषधाचं माप अक्षरात लिहिलेलं बरं.

नव्वदच्या दशकात बाळाच्या संगोपनावरचं एक पुस्तक माझ्याकडे आलं. जुलाबाच्या प्रकरणात घरी करायच्या जलसंजीवनीची कृती होती: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. लेखिकेच्या हस्तलिखितात अर्ध्याची खूण होती, एकाखाली दोन. डीटीपी करणाऱ्या मुलाच्या फॉन्टमध्ये ती खूण नव्हती. त्यानं एक टाकला, आडवी रेघ मारली, दोन टाकला आणि मग व्याकरण सांभाळून ‘चमचा’चं ‘चमचे’ केलं. ‘१-२ चमचे मीठ.’ दोन्ही प्रुफांत मी ते वाचलं, शेवटच्या च वरची मात्रा उमटली आहे ना ते पाहिलं, आणि पुढे गेले. मात्रा अगदी व्यवस्थित होती.

मीठ वाढलं की बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं आणि ते जिवावर बेतू शकतं. म्हणून तर आरोग्यसेविका सांगत, आधी स्वतः घोट घेऊन बघा, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. पहिल्या पन्नास प्रती बाहेर गेल्यावर लेखिकेचाच फोन आला. बाकीच्या बाइंडरकडे होत्या. मी, लेखिका आणि बाइंडरचा पोऱ्या तीन दिवस जमिनीवर बसून, खळ लावून शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवत होतो. त्या फर्म्याचे पैसे मी मागितले नाहीत. कुणी देऊही केले नाहीत.

तेव्हापासून आरोग्याच्या पुस्तकात मी हट्टानं ‘अर्धा’ असं अक्षरात लिहवून घेतलं. आणि वाचणारी म्हणून एक सवय लावून घेतली: असलं माप एकाच पुस्तकात वाचून वापरायचं नाही. लेखक कितीही मोठा असो, त्याच्या आणि आपल्यामध्ये माझ्यासारखी एक डुलकी घेणारी बाई बसलेली असते.

२. स्वयंपाकात मात्र वाटी कुठलीही चालते.

लग्नानंतर सासरी मी पहिल्यांदा ‘रुचिरा’ उघडून स्वयंपाकाला उभी राहिले. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं, आणि त्याची सगळी जादू वाटी-चमच्याच्या मापात आहे. आमच्या फडताळात सात आकारांच्या वाट्या. सासूबाईंना विचारलं, यातली कुठली? त्या म्हणाल्या, “कुठलीही घे, पण मग दुसरीला हात लावू नकोस.” प्रमाणाचा अख्खा धडा एका वाक्यात. रवा, साखर, पाणी एकाच वाटीनं मोजलं की वाटी लहान-मोठी असल्यानं बिघडत नाही. चमच्याचं तसं नाही. डॉक्टरांचा चमचा पाच मिलिलिटरचा असतो, आपला कधी चहाचा असतो तर कधी पोह्यांचा. पाककृतीच्या पुस्तकाला अंदाज शोभतो. तोच अंदाज आरोग्याच्या पुस्तकात शिरला की मला भीती वाटते.

शिरला वरून आठवलं. एकदा हृदयावरच्या आणि गोडधोडावरच्या पुस्तकांचे फर्मे एकाच आठवड्यात आले. दोन्हींत शिरा. एकीकडे अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या, दुसरीकडे केळं घालून केलेला. शनिवारपर्यंत माझा दोन्हींवरचा विश्वास उडाला होता.

३. इतिहासातलं साल दुरुस्त करायला जाऊ नये.

मी नवी होते. शिवकालावरच्या एका पुस्तकात जेधे शकावलीतली शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद होती: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. पुढे १६३०. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढं मला शाळेपासून पाठ. १५५१ आणि ७८, १६२९! लेखकाची चूक पकडल्याचा केवढा आनंद झाला होता. लाल शाईनं १६३० खोडून मी समासात ठसठशीत १६२९ लिहिलं.

संपादक वयानं मोठे, धोतर-कोटातले. त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच काहीतरी गडबड आहे हे कळायला हवं होतं. “ताई,” ते म्हणाले, “शक बदलतो चैत्रात आणि इसवी सन बदलतं जानेवारीत. पौषातच इसवी सन पुढे गेलेलं असतं. फाल्गुनातल्या तिथीला ७९ मिळवायचे. तुम्ही महाराजांना वर्षभर आधीच जन्माला घातलंत की!”

मग चहा संपेपर्यंत त्यांनी बाकीचं सांगितलं. जुन्या बखरींच्या आधारानं पूर्वी शके १५४९ मधली वैशाखातली तिथी मानली जायची. पुढे शकावली उजेडात आली आणि वाद सुरू झाला. त्यातही १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेची. आज आपण वापरतो ती ग्रेगरियन लावली तर तोच दिवस १ मार्चला येतो. म्हणजे एक तिथी आणि दोन तारखा, तिन्ही बरोबर. त्या दिवसापासून इतिहासाचं पुस्तक हातात आलं की मी पहिल्यांदा बघते, लेखक कुठल्या पंचांगानं मोजतो आहे ते सांगतो का. जो सांगतो, त्याची पुढची चारशे पानं मी निवांत वाचते.

४. प्रस्तावना शेवटी वाचावी.

बहुतेक वेळा ती पुस्तक न वाचता लिहिलेली असते. सूची मात्र आधी बघावी. जाडजूड पुस्तकाला सूची नसेल, तर लेखकाला कुणी परत येऊन शोधेल असं वाटत नसावं.

५. कुणाच्या हातून आलं आहे, ते बघावं.

वरसईच्या विष्णुभट गोडश्यांचं ‘माझा प्रवास’ मी दोनदा वाचलं, आणि ती जणू दोन पुस्तकं होती. हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेला आणि बंडाच्या ऐन धुमाळीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. मिळवलेलं सगळं लुटलं गेलं आणि परत आला तो आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे छापलं ते भाषा सुधारून, काटछाट करून. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढला. वैद्यांचा गोडसे शिकल्यासवरल्यासारखा बोलतो. पोतदारांचा गोडसे घाबरतो, दमतो, पैसे मोजतो. सुधारणं हा माझाही धंदा, म्हणून हे लिहिताना थोडं अवघडतेय. पण किती वाक्यांतला घाम मी असाच पुसून टाकला असेल!

६. तत्त्वज्ञान मोठ्यानं वाचावं.

आमच्या कामात एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, दुसरा प्रुफावर बोट ठेवून ऐकतो. “स्वल्पविराम, परंतु, अवतरण सुरू” असं सगळं बोलत. कॉपी वाचायला यायची ती मुलगी दहावी नापास होती. एका वेदान्ताच्या पुस्तकात ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “ताई, हे वाक्य मला एका श्वासात पुरत नाहीये. त्यांना तरी कळलं असेल का?” ते वाक्य लेखकाकडे परत पाठवलं. त्यांनी त्याची तीन केली.

गीतेवरची दोन मोठी मराठी पुस्तकं तुरुंगात जन्मली, पण कानाला किती वेगळी लागतात. टिळकांनी मंडालेला पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहिलं. ते १९१५ साली छापून आलं. ते वाद घालणाऱ्याचं पुस्तक आहे, टेबलाशी बसून, मागची पानं उलटत वाचायचं. विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे बोललेली आणि साने गुरुजींनी उतरवून घेतलेली. ती पोळ्या लाटता लाटता कुणी वाचून दाखवली तरी पोचतात. मी तशीच ऐकली, सासऱ्यांकडून.

७. एकच शब्द दोन घरांत ऐकावा.

त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ चा. कुठल्या बलुतेदाराचा वाटा किती, कोण कशावर हक्क सांगतो, याचा एवढा बारीक हिशेब क्वचितच वाचायला मिळतो. आत्र्यांना दिसतो तो कुणब्याच्या पाठीवरचा भार. १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. शब्द तोच, पण आता तो धान्य घ्यायला गेलेल्याच्या घरातून ऐकू येतो. मी ही दोन पुस्तकं कपाटात चिकटून ठेवली आहेत. मुलगा एकदा म्हणाला, विषय वेगळे आहेत, एक समाजशास्त्र, एक आत्मकथन. म्हटलं, असू दे.

स्वयंपाकाच्या पुस्तकांना ही जोड फार उशिरा मिळाली. ‘वरून साजूक तूप घालावे’ हे वाक्य मी शेकडो वेळा तपासलं असेल; तूप घरात असतंच, हे त्यात गृहीत धरलेलं मला कधी दिसलं नाही. २०१५ साली शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हाती आलं. मराठवाड्यातल्या दलित घरांमधलं खाणं, मांसाच्या वाळवलेल्या चान्या, आणि त्या पानात काय नव्हतं त्याचीही नोंद. शीर्षकातला तो एक ‘अ’ माझ्या लाल पेनाखाली आला असता, तर पहिल्या झटक्यात मी तो खोडला असता.

८. चिठ्ठीवर विसंबू नये.

मागच्या वर्षी रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ते बाळाच्या संगोपनाचं पुस्तक दिसलं. आधी जुलाबाचं प्रकरण उघडलं. खळ वाळून चिठ्ठी कधीच गळून पडलेली. कागदावर तिचा पिवळट चौकोन तेवढा उरला होता. त्याच्या वर, कृतीत, कुणीतरी ‘१-२ चमचे’ पेन्सिलीनं खोडून ‘अर्धा’ लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. आणि समासात बारीक, शाळकरी अक्षरात: ‘नर्सबाईंना विचारले.’