अनुजास पत्र

चि. अनुजास,


फलटणजवळच्या मेंढीफार्मवर व्यायच्या हंगामाला मदतीला जातेस, हे वाचून बरं वाटलं. हातमोजे, वंगण, आयोडीन ही तुझी यादी ठीक आहे. पण पहिल्या रात्री खरी लागते ती हात मागे ठेवायची सवय.

मेंढी कळपातून बाजूला होईल, पायाने माती उकरेल, बसेल, उठेल, परत बसेल. तू लांबच थांब. जवळ गेलीस की ती उठून पळणार आणि कळा मंदावणार. पाणमोट फुटली की मात्र घड्याळ बघ. अर्धा-पाऊण तास चांगल्या कळा येऊनही काहीच सरकलं नाही, तर ती अडली आहे असं समजून हात घालायचा. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी.

दोन पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड लागलं, तर उरलेलं काम बहुधा तीच करील. पण तिथल्या मेंढ्या नारी सुवर्णा आहेत ना? आपल्या दख्खनीला सहसा एकच कोकरू. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देणारा जनुक दख्खनीत आणून ही जात घडवली, तेव्हापासून मालकाला कोकरं वाढली आणि मदतनिसाला कोडी. हाताला लागलेले दोन पाय एकाच कोकराचे असतील असं धरून चालू नकोस. पायावरून बोटं खांद्यापर्यंत, तिथून मानेपर्यंत ने. खुरावरचे दोन सांधे एकाच बाजूला वळत असतील तर पाय पुढचा, उलट बाजूंना वळत असतील तर मागचा. दोन कोकरांचे पाय एकदम ओढलेस तर आईसकट तिघं जातील. एकाला हळूच मागे सारायचं आणि दुसऱ्याला कळेबरोबर, खाली कासेच्या दिशेनं ओढायचं. कळ थांबली की तूही थांब. दहा-पंधरा मिनिटांत गुंता सुटला नाही तर डॉक्टरांना बोलाव. त्यात कसला कमीपणा?

कोकराच्या नाकातोंडातला चिकटा पूस आणि त्याला आईपुढे ठेव. पुसून कोरडं करायचा मोह होईल, तो आवर. चाटताना आई वास ओळखते, आणि त्या वासावरच ती त्याला पाजते. दुसरं व्यायला ती जागा बदलते, मग पहिलं मागे राहून गारठतं. म्हणून तिघांना दोन दिवस छोट्या खणात वेगळं ठेवावं.

नाळेला आयोडीन लाव, दोन्ही सडांतून एकेक धार पिळून बघ. मेंढीच्या पोटात असताना कोकराला वारेतून प्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते, आणि 24 तासांनी आतडं ती घेईनासं होतं. म्हणून तासा-दोन तासांत वजनाच्या किलोमागे 50 मिली चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या कोकराला 100 मिली झाला. चोखत नसेल तर नळीने पाजतात; ते आधी जाणत्याच्या हाताखाली शीक. वाड्यात एखादी वयस्क धनगरीण असेल तर तिच्याजवळ बसत जा. मेंढीच्या नुसत्या बसण्यावरून तिला जे कळतं ते आमच्या कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

लोंबणारी वार ओढू नकोस, आपोआप पडू दे. वार, पाणी, गाभडलेलं कोकरू, कशालाच उघडा हात लावायचा नाही. त्यांतून माणसाला लागणारे काही रोग गरोदर बाईला फार बाधतात, आणि तुझ्या वहिनीला सातवा लागलाय. वाड्यातले कपडे तिथेच धू. तिला कोकरांचे फोटो हवे तेवढे पाठव, पण हंगाम संपेपर्यंत फार्मवर बोलावू नकोस.

तुझा,
मामा