शरदाचं ऊन आणि वेचणीचे दिवस

सख्यांनो, या महिन्याचा आरोग्याचा पाठ शरद ऋतूचा आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी मध्येच थांबवून विचारावं.

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. पाऊस उघडतो, आभाळ निळं होतं आणि ऊन असं लागतं की चैत्राची आठवण यावी. आपण याला ऑक्टोबर हीट म्हणतो. ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ऋतुचर्येचा अध्याय आहे. त्यात याचं कारण असं दिलंय: पावसाळ्यात शरीराला गारव्याची सवय होते, पित्त आतल्या आत साठत जातं आणि एकदम कडक ऊन लागलं की ते उसळतं. छातीत जळजळ, आंबट ढेकर, तोंड येणं, डोळे चुरचुरणं, अंगावर पुरळ. ओळखीचं वाटतं ना?

यावर ग्रंथात सांगितलेलं खाणं आपल्या चुलीपासून फार लांब नाही. कडू, गोड आणि तुरट चवीचं खावं. तांदूळ, मूग, पडवळ, आवळा, खडीसाखर, थोडं तूप. दही, तेलकट, खारट आणि पोटाला तडस लागेल इतकं जेवण टाळावं. म्हणजे कारलं, दोडका, दुधी ताटात असू द्या. लोणचं आणि मिरचीचा ठेचा दोन महिने थोडा बाजूला ठेवा. ठेच्याशिवाय भाकरी उतरत नाही हे मान्य, पण निदान उपाशीपोटी खाऊ नका. आवळा बाजारात आला की जेवणासोबत एक फोड खायची. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. डाळ-भाजीतलं लोह अंगी लागायला आवळा, लिंबू मदत करतात, तर जेवणावर लगेच घेतलेला चहा त्यात आडवा येतो.

आता खरी अडचण. ग्रंथ म्हणतो, शरदात कडक ऊन टाळा. आणि नेमकं याच दिवसांत सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी येते. पहाटे वेचावं तर बोंडं दवाने ओली असतात, ओला कापूस शेतकरी घेत नाही. दव उडेपर्यंत ऊन वर येतं. वेचणी किलोवर, सोयाबीन उक्तं. बसलं की मजुरी बुडते. मग ‘दुपारी सावलीत बसा’ असं नुसतं लिहून काय उपयोग?

त्याहून वाईट म्हणजे पाणी न पिणं. कितीतरी जणी सकाळपासून मुद्दाम पाणी टाळतात, कारण शेतात आडोसा नसतो. सोयाबीन तर गुडघाभरच असतं. दिवसभर लघवी दाबून ठेवायची आणि रात्री आग होते म्हणून ‘उष्णता झाली’ म्हणायचं. ही नुसती उष्णता नसते, बऱ्याचदा मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झालेला असतो. धन्याचं पाणी चांगलं, पण त्याने हा संसर्ग जात नाही. वारंवार थेंब थेंब लघवी, ओटीपोटात दुखणं, थंडी वाजून ताप, कंबरेच्या वर पाठीत कळ असं झालं की प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि लघवी तपासून घ्या. गरोदर बाईने तर त्याच दिवशी जायचं.

हे एकटीने सुटत नाही, टोळीने सुटतं. काम ठरवताना भावासोबत तीन गोष्टी बोलून घ्या: बांधावर झाकलेला पाण्याचा जार, दुपारी झाडाखाली एकदम सगळ्यांची सुट्टी, आणि चार काठ्यांना जुनी लुगडी बांधून केलेला आडोसा. सगळ्या एकदम थांबल्या की कुणी मागे पडत नाही. आपल्यातल्याच काही जणी शेतमालकीणही आहेत. त्यांनी मजूर बायांनी मागण्याची वाट बघू नये.

सोबत न्यायला सोपं पाणी: चमचाभर धने ठेचून रात्री पेलाभर पाण्यात भिजत घालायचे, सकाळी गाळून खडीसाखर टाकायची. माठात वाळ्याची जुडी टाकली तरी चालते. ग्रंथात दिवसा उन्हात तापलेलं आणि रात्री चांदण्यात निवलेलं ‘हंसोदक’ सांगितलंय. कल्पना सुंदर आहे, पण आज विहिरीत काय काय उतरतं ते आपण बघतो. पाणी उकळून माठात निववा, तेच आपलं हंसोदक.

नवरात्राचे उपवास याच दिवसांत येतात. साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर्स आणि रिकाम्या पोटी चारदा चहा, यात पित्त वाढणारच. उकडलेलं रताळं, राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, केळं, जिरं-तुपाची भगर हे सोसतं. बीपी-शुगरच्या गोळ्या मनाने बंद करू नका. निरंकार उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. भगरीचं एक लक्षात ठेवा. दमट हवेत तिला बुरशी लागते आणि दरवर्षी या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात. सुटी भगर, तयार पीठ घेऊ नका. पाकिटावरची तारीख बघा, निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा, तेही लागेल तेवढंच. भगर विकणाऱ्या गटांनी माल कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवावा.

ग्रंथात शरदात विरेचन, म्हणजे जुलाबाचं औषध सांगितलंय. ते वैद्याच्या देखरेखीखाली. घरी एरंडेल पिऊन दुसऱ्या दिवशी उन्हात वाकायचं हे धोक्याचं. गरोदर आणि अशक्त बाईने तर नाहीच.

रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासलं तर झोप छान लागते. वाटीला काळं येतं ते धातू झिजून. ‘अंगातली उष्णता निघाली’ असं काही नसतं. तरी करा, दिवसभर उभ्या पायांना बरं वाटतं. आणि कोजागिरीला चांदण्यात जरूर बसा, ग्रंथानेही रात्रीच्या पहिल्या प्रहराचं चांदणं चांगलं म्हटलंय. दव पडू लागलं की डोक्यावर पदर घ्या. दूध चांगलं उकळलेलं, झाकलेलं असू द्या.

शेतात एखादीला गरगरलं, अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं तर सावलीत आडवी करा, ओलं फडकं अंगभर फिरवा, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.