पाण्याने मरणारे झाड

झाड वाळले की आपण म्हणतो, "पाणी कमी पडलं." पण एक झाड असे आहे, की ते बहुधा पाणी जास्त झाल्यानेच मरते. त्याचे नाव अडेनियम.

हे झाड कुंडीत लावतात. त्याचा बुंधा मडक्यासारखा फुगीर असतो. मोठा कांदा मातीतून अर्धा वर आल्यासारखा तो दिसतो. वर जाड फांद्या आणि शेंड्याला गुलाबी फुले. म्हणून याला वाळवंटी गुलाबही म्हणतात. पण हे गुलाबाच्या नात्यातले नव्हे. हे आपल्या कण्हेरीच्या कुळातले.

याचे मूळ घर अरबस्तान आणि आफ्रिका. अरबस्तानात एडन नावाचे बंदर आहे. त्यावरून झाडाला हे नाव पडले. इंग्रजांनी १८३९ साली एडन घेतले. पुढे कित्येक वर्षे तिथला कारभार मुंबईहून चाले. त्या मुलखात पाऊस फार थोडा. म्हणून पाऊस पडला की हे झाड बुंध्यात पाणी साठवते आणि पुढे पुरवून पुरवून वापरते. बुंधा म्हणजे या झाडाचा रांजणच.

हे मला आधी ठाऊक नव्हते. शेजारच्या वहिनी पंढरीच्या वारीला निघाल्या. जाताना म्हणाल्या, "भावोजी, एवढी कुंडी सांभाळा. पाणी मात्र बेतानं घाला हं." मी मनात म्हटले, झाडाला पाणी घालायला काय शिकायचे? वरून पाऊस पडत होता, तरी मी रोज तांब्याभर पाणी घाली. पंधरा दिवसांनी पाने पिवळी पडली. मला वाटले, तहान लागली. मी दोन तांबे घातले!

वहिनी परत आल्या. त्यांनी बुंधा अंगठ्याने दाबला. तो पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी झाड उपटले. सुरी स्वच्छ केली आणि कुजका भाग कापला. आत पांढरे, निरोगी लागेपर्यंत कापला. मग झाड आठ-दहा दिवस सावलीत सुकू दिले आणि कोरड्या मातीत लावले. निम्मा बुंधा गेला, पण झाड वाचले. मी शिकलेला माणूस, पण मला त्यांच्यापुढे मान वर करवेना.

तेव्हा मी जे शिकलो, ते तुम्हांला सांगतो.

१. कुंडीच्या तळाला भोक असावे. पाणी साचू नये.

२. माती भुसभुशीत हवी. मातीत जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे.

३. रोज पाच-सहा तास ऊन मिळावे. सावलीत फुले येत नाहीत.

४. पाणी घालण्याआधी मातीत बोट घालावे. ओल लागली तर पाणी घालू नये. कोरडे लागले तर भरपूर घालावे.

५. पावसाळ्यात कुंडी पडवीत घ्यावी. पागोळ्या तिच्यात पडू देऊ नयेत. थंडीत पाने गळाली तर घाबरू नये. झाड झोपले आहे. तेव्हा पाणी अगदी कमी घालावे.

६. बुंधा मऊ लागला तर आधी माती पाहा. माती कोरडी असेल तर झाड तहानले आहे. माती ओली असेल तर ते कुजते आहे.

आणखी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. या झाडाचा चीक विषारी आहे. आफ्रिकेत शिकारी तो बाणांना लावीत. म्हणून लहान मुले आणि शेळ्या यांच्यापासून कुंडी दूर ठेवावी. फांदी कापल्यावर हात साबणाने धुवावेत.

माया असावी, पण ज्याला जे मानवते ते द्यावे. आधी बोट, मग तांब्या!

प्रश्न
१. या झाडाचा बुंधा फुगीर का असतो?
२. पाने पिवळी पडल्यावर गुरुजींचे काय चुकले?
३. बुंधा मऊ लागला तर आधी काय पाहावे?