धर्माचे आचरण आणि धर्माचे अध्ययन

धर्म घरी व देवालयात शिकावयाचा. त्यासाठी विद्यापीठाची एम्. ए. पदवी कशाला, असे पुष्कळ पालक विचारतात. मुलाची श्रद्धा ढळेल, ही भीतीही त्यामागे असते. परंतु आचरण व अध्ययन या भिन्न गोष्टी होत. उपासक आपल्या मार्गाने चालतो. अभ्यासक अनेक मार्गांचे ग्रंथ, विधी व इतिहास पडताळून पाहतो. पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठात १९६७ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग निघाला.

या अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे भाषा. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी बुद्धाच्या ओढीने घर सोडले. काशीस ते संस्कृत शिकले, सिंहलद्वीपात पाली शिकले. पुढे हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या पाठशुद्धीचे कार्य केले.

त्यांनी बौद्ध दीक्षाही घेतली. तेव्हा पालकांची भीती अगदीच निराधार नव्हे. तथापि शेजाऱ्याचा ग्रंथ न वाचता त्याच्या धर्माविषयी मत बनविणे अधिक घातक होय. आपण लिहिलेले वाचून त्या धर्माच्या अनुयायास आपली ओळख पटावी, हीच अभ्यासकाची खरी परीक्षा.