तुमचे चौसष्ट, तिचे अठ्ठ्याऐंशी

पालकहो,

निकालाच्या दिवसांत घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमच्या वेळी साठ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, गल्लीभर पेढे वाटायचे!" इथपर्यंत काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. कुणी म्हणतं, "हल्ली काय, मार्कांची खैरात असते, नव्वदला कोण विचारतो?" कुणी म्हणतं, "आम्ही कंदिलाखाली बसून एवढे काढले, तुला सगळं हातात देऊन एवढेच?" पहिल्या बोलण्यात मुलाचं यश काढून घेतलं जातं, दुसऱ्यात न झालेला गुन्हा त्याच्या माथी बसतो. आपले टक्के आणि मुलांचे टक्के एकाच मापाने मोजता येतात, असं दोन्हीकडे धरून चाललेलं असतं. दहावीच्या वर्गांना मराठी शिकवण्यात आणि बोर्डाचे पेपर तपासण्यात माझी सगळी नोकरी झाली. त्या अनुभवावरून सांगते, तसं मोजता येत नाही.

मराठीच्या पेपरचंच बघा. तुम्ही दहावीला होतात तेव्हा 'संदर्भासहित स्पष्टीकरण करा' असायचं, कवितेचं रसग्रहण असायचं, पानभर उत्तरं असायची, शेवटी लांबलचक निबंध. निबंधाला पैकीच्या पैकी गुण देणारा परीक्षक मी तरी पाहिला नाही. 'भाषेत पूर्ण मार्क द्यायचे नसतात' असा एक अलिखित नियमच होता. आता मुलांपुढे कृतिपत्रिका येते. आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, उताऱ्यातून कारण शोधा, मग दोन-चार ओळींत स्वमत. बरोबर चौकटीला पूर्ण गुण द्यावेच लागतात, अर्धा कापायला परीक्षकाला जागाच नाही. शिवाय लेखी 80 आणि तोंडी वगैरे धरून अंतर्गत 20. त्यामुळे पूर्वी जिथे साठ-पासष्टला मुलगा 'भाषेत चांगला' ठरायचा, तिथे आज ऐंशीच्या वर गुण दिसतात. माझ्या मते नवा पेपर आकलन जास्त चांगलं तपासतो, सलग लिहिण्याची ताकद मात्र कमी तपासतो. त्यावर वाद जरूर घालू. पण पेपर कसा असावा हे मुलांनी ठरवलेलं नाही. समोर आला तो त्यांनी सोडवला.

पेपरखेरीज हिशेबही बदलला. 2010 पासून सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरून टक्केवारी निघते. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयात रद्द झाला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकला, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तुमच्या हिंदीने किंवा भूमितीने टक्केवारी खाली ओढली, तर ती खालीच राहायची. आता सर्वांत कच्चा विषय हिशेबातून गळतो. त्यात इंटरमिजिएट चित्रकला, शास्त्रीय नृत्य-गायन, लोककला, खेळ यांचे वाढीव गुण. शंभर टक्केवाल्यांची बातमी वाचताना हे लक्षात असू द्या.

पिढ्यांचं राहू द्या, सख्ख्या भावंडांचं घेऊ. राज्य मंडळाच्या दहावीच्या मार्च 2018 च्या परीक्षेचा निकाल 89.41 टक्के लागला. 2019 ला तो 77.10 वर उतरला. एका वर्षात बारा टक्के! मुलं वर्षभरात ढ झाली होती का? अभ्यासक्रम नवा होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण त्या वर्षी काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले, करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे सरासरी गुण दिले गेले आणि निकाल 95.30 वर गेला. 2021 मध्ये तर परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचं अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, 99.95 टक्के. पैकीच्या पैकी गुण 2019 मध्ये राज्यातल्या 20 जणांना होते, 2021 मध्ये 957 जणांना. आता ज्या घरात थोरला 2019 चा आणि धाकटी 2021 ची आहे, तिथे दिवाळीच्या पंगतीत दोघांचे टक्के शेजारी शेजारी मांडणं हा थोरल्यावर केवढा अन्याय आहे! दोन वर्षांत एवढं अंतर पडतं, मग तुमच्यात आणि तुमच्या मुलांत तर तीस वर्षं आहेत.

निकालानंतर एक बाबा आपल्या लेकीला घेऊन शाळेत आले होते. एसटीच्या आगारात मेकॅनिक. मुलीला अठ्ठ्याऐंशी टक्के. कौतुकानेच आले होते, पण बोलण्याच्या ओघात म्हणाले, "बाई, आमच्या वेळचे चौसष्ट म्हणजे आताचे नव्वदच की हो!" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलगी मात्र हातातल्या निकालाच्या प्रिंटची घडी घालत होती, एकाची दोन, दोनाची चार, मुठीत मावेपर्यंत. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "अभ्यास कुठे बसून करायचात तुम्ही?" तेव्हा ते सांगू लागले. घरी वीज नव्हती, म्हणून साखर कारखान्याच्या फाटकाजवळच्या दिव्याखाली बसायचे. इंग्रजी आठवीपर्यंत येतच नव्हतं, तिथला वॉचमन स्पेलिंगं पाठ करून घ्यायचा. भूमितीची प्रमेयं ते खडूने कारखान्याच्या भिंतीवर काढायचे. मुलीची घडी थांबली. "भिंतीवर? मग पुसायचं कोण?" तिने विचारलं. बापाचे चौसष्ट टक्के तिला लहानपणापासून पाठ होते. वॉचमन आणि भिंत तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

मला तुमच्याशी बोलायचं आहे ते याच्याचसाठी. आकडा सांगितला की तुलना सुरू होते. तो कसा मिळाला ते सांगितलं, तर मूल जवळ सरकून ऐकतं आणि स्वतःचंही सांगतं: विज्ञान दोनच्या पेपरला हात कसा थरथरत होता, कोणतं प्रकरण कधीच कळलं नव्हतं. तुमच्या काळात नापास होणं घरोघरी असायचं, ऑक्टोबरला पुन्हा बसणारा एखादा मामा किंवा काका प्रत्येक कुटुंबात असायचा. त्याचीही गोष्ट सांगा. अमुक टक्क्यांखाली आयुष्य संपतं, असं आज अनेक मुलांना खरोखर वाटतं. ऑक्टोबरला सुटून पुढे उत्तम संसार केलेला माणूस त्यांच्याच घरात असतो आणि त्यांना ते ठाऊक नसतं.

हीच चूक उलट दिशेनेही होते. पदवी घेतलेली नात सहज बोलून जाते, "आजी काय, सातवीच शिकलीय." त्या काळात सातवीची 'फायनल' ही सार्वजनिक परीक्षा होती आणि ती पास झालेल्यांना प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे. आजोबांचं मॅट्रिक अकरावीला होतं. दहावीची पहिली तुकडी 1975 साली बाहेर पडली. आज त्याच प्राथमिक शिक्षकाच्या जागेसाठी बारावी, डी.एल.एड. आणि 2013 पासून वर शिक्षक पात्रता परीक्षा लागते. म्हणून आजीला कमी येत होतं असं होत नाही. आणि नातीने दुप्पट वर्षं शिकून तेच मिळवलं, तर तिचं शिक्षण फुकट गेलं असंही होत नाही. आजीच्या गावातून किती मुली त्या परीक्षेला बसल्या होत्या, हे नातीने एकदा आजीलाच विचारावं. आजी हयात आहे तोवर विचारावं.

प्रवेशाच्या धावपळीतली एक गोष्ट सांगते, कारण तिथे या चुकीची किंमत जास्त पडते. नीटच्या 720 गुणांपैकी 2024 मध्ये सुधारित निकालानंतरही 17 जणांना पूर्ण गुण होते. 2025 मध्ये देशातले सर्वोच्च गुण 686 होते आणि खुल्या वर्गाची पात्रतेची रेषा 162 वरून 144 वर आली. पेपर अवघड होता, एवढंच. आतेभावाला आदल्या वर्षी जास्त गुण होते म्हणून त्या वर्षी ज्या मुलांना घरून बोलणी बसली, त्यांचा क्रमांक कदाचित त्याच्या वर असेल. सीईटीचंही तेच. 90 पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के गुण नसतात. शंभरातली साधारण नव्वद मुलं तुमच्या मुलाच्या मागे किंवा बरोबरीला आहेत, असा त्याचा अर्थ. हे न कळल्यामुळे मुलाला 'पेपरात फक्त निम्मेच आले आणि नव्वद सांगतोस' म्हणून खोटारडा ठरवणारे वडील मी पाहिले आहेत.

तेव्हा तुलना करायचीच, तर त्या वर्षीच्या त्याच परीक्षेपुरती करा आणि तीही प्रवेशाच्या अर्जापुरती. कॉलेजांचे गेल्या वर्षीचे कटऑफ अंदाजाला घ्या, वचन म्हणून घेऊ नका. एखाद्या विषयात गुण अगदीच अनपेक्षित असतील तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मुदत थोडी असते. आणि निकालाच्या संध्याकाळी नातेवाइकांचे फोन येतील, तेव्हा टक्के तुम्ही सांगू नका. फोन मुलीच्या हातात द्या. तिला सांगायचे असतील तर ती सांगेल, नसतील तर मामाला नमस्कार करून फोन परत देईल.